दोन्ही बाजूंचं वकीलपत्र

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नेरळमध्ये माझ्या दाराशी येणाऱ्या निम्म्या माणसांचा तसा समज आहे. उरलेल्यांना वाटतं, डॉक्टरांच्या न लागणाऱ्या चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात लिहून देते. माझे सासरे होते तोवर पाहुण्यांना "आमची सून औषधांचं लिहिते" एवढंच सांगायचे आणि पुढचा प्रश्न आला की चहा मागवायचे. त्यांना बोल लावत नाही. हे काम मलाही कधी चटकन सांगता आलेलं नाही.

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत तुम्ही बसलेले असता. टेबलावर जुनी मासिकं आणि त्यांच्या शेजारी गुळगुळीत कागदाच्या पातळ पुस्तिका असतात. ‘मधुमेह आणि तुमचे पाय’, ‘गुडघेदुखीला निरोप’, असल्या. मोबाइलची बॅटरी संपलेली असते म्हणून तुम्ही त्यातली एक उचलता. ती मी लिहिलेली असते. तिच्यावर माझं नाव कुठेही नसतं. मागच्या पानावर कोपऱ्यात औषध कंपनीचं चिन्ह असतं आणि त्याच्यावर ‘जनहितार्थ’ असा शब्द असतो. जनहित असतंही त्यात. पण तेवढ्यासाठी कुणी आर्टपेपर वापरत नाही.

आधी मुंबईच्या एका ऑफिसात आणि निवृत्तीनंतर घरच्या टेबलाशी बसून मी आयुष्यभर हेच केलं. हृदय, मणके, जंत, रक्तदाब, सगळ्यांवर लिहून झालं. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटल्यावर यातलं काय निवडावं याचा मला फार विचार करावा लागला नाही. चंचल मुलांच्या पुस्तिकेबद्दलच लिहायचं ठरवलं, कारण आमच्या धंद्याच्या सगळ्या खुब्या त्या एका विषयात सापडतात.

त्या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांनी एडीएचडी म्हणतात. मराठीत त्याचं एक भारदस्त नाव आहे, ते मी एकदा लिहिलं आणि वाचून मीच घाबरले, म्हणून पुन्हा लिहिलं नाही. चुळबुळ सगळीच पोरं करतात. पण काही मुलांची चुळबुळ, विसराळूपणा, मध्येच उठून धावणं इतकं असतं, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे, दीर्घकाळ असतं, की त्यांचं शिकणं, मैत्री, कधी कधी जीवसुद्धा त्यात अडकतो. हे रक्त तपासून कळत नाही, फोटो काढून दिसत नाही. डॉक्टर आईबापांना विचारतात, शिक्षकांना विचारतात, मुलाशी बोलतात आणि ठरवतात. जिथे मशीन काही दाखवत नाही तिथे शब्दांना फार काम असतं, आणि शब्दांना काम असलं की मला असतं.

अशा पुस्तिकेत पहिल्या पानावर औषधाचा उल्लेख करायचा नसतो. पहिलं पान आईचं असतं. घरात बाप म्हणत असतो, "मीपण असाच होतो, वयानं सुधारेल." सासू म्हणत असते, हिनंच लाडावून ठेवलाय. त्या आईशी आधी बोलायचं. म्हणून माझी पुस्तिका अशी सुरू व्हायची: ‘तुमच्या मुलाचं हे वागणं ही तुमच्या संगोपनातली चूक नाही.’ हे वाक्य खरं आहे. ते विकतंही चांगलं. खालापूरकडची एक बाई ते पहिलं पान फाडून पर्समध्ये ठेवायची आणि घरी कुणी बोललं की काढून दाखवायची, असं मला एका डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मी स्वतःसाठी पावशेर पेढे आणले होते.

दुसरं पान भीतीचं. ‘वेळेवर उपचार न झाल्यास’ अशा मथळ्याखाली अभ्यासातली पीछेहाट, अपघात, खचलेला आत्मविश्वास. यातलं एकही खोटं नाही. पण ते कुठे ठेवलंय बघा. आधीच्या पानावर त्या आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलेलं असतं. आता तिला हळूच दुसरं दिलं जातं: आजवर चूक तुझी नव्हती, पण आता हातावर हात ठेवून बसलीस तर होईल. असं आम्ही कुठेही लिहीत नाही. वाचणारी ते स्वतःच वाचते.

तिसरं पान आशेचं आणि चित्राचं. एका चित्रात मुलगा खिडकीबाहेर बघतोय, केस विस्कटलेले, सदऱ्याचं बटण तुटलेलं. शेजारच्या चित्रात तोच मुलगा वर्गात हात वर करून बसलाय आणि त्याचा भांग पाडलेला आहे. गोळीनं भांग कसा पडतो, असं मी चित्रकाराला विचारलं होतं. त्याला ते लागलं असावं, कारण पुढच्या आवृत्तीत त्यानं मुलाला चापूनचोपून तेलही लावलं.

मग फायदे आणि तोटे. फायदे ‘अनेक मुलांमध्ये’ दिसतात. भूक मंदावणं, झोप कमी होणं, पोटात दुखणं हे ‘काही मुलांमध्ये’ होऊ शकतं. हा ‘शकतं’ आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द आहे. शिवाय फायद्याच्या प्रत्येक वाक्याला शेवटी टोकावर एक बारीक आकडा असतो, म्हणजे मागे त्याचा आधार दिलेला आहे. तो आधार उघडून बघणारा वाचक मला अजून भेटलेला नाही, पण आकडा असलेल्या वाक्यावर माणसं जास्त विश्वास ठेवतात, हे मात्र मी पुष्कळ वेळा पाहिलं.

गोळी म्हणजे काय हे समजावताना आम्ही चष्म्याचं उदाहरण द्यायचो. नजर अधू असली तर आपण चष्मा लावतो, त्यात लाजतो का, वगैरे. डोक्याची गोळी म्हटल्यावर दचकणाऱ्या बापाला चष्मा म्हटलं की बरं वाटतं. माथेरानचा एक घोडेवाला मात्र मुलाला घेऊन डॉक्टरबाईंकडे आला आणि त्यानं विचारलं, म्हणजे घोड्याला झापडं लावतो तसं का? बाई म्हणाल्या, तसं नाही, झापडांनी आजूबाजूचं दिसायचं थांबतं, यानं दिसतं सगळं, पण सगळ्यामागे धावावंसं वाटत नाही. मला हे चष्म्यापेक्षा फारच आवडलं. मी ते मसुद्यात घातलं. कंपनीच्या तरुण साहेबांचा फोन आला की मॅडम, पुस्तिकेत घोडा नको.

आता गंमत अशी, की मी एकाच बाजूनं लिहीत नव्हते. निवृत्तीनंतर खोपोलीकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. ते ब्राह्मीचं सिरप बनवतात. त्यांना मराठीत पत्रक हवं होतं. आजार हा शब्द त्यांना चालत नव्हता. चंचल म्हणजे मुळात हुशारच, बुद्धीला फक्त वळण हवं, असा सूर त्यांनी मला सांगितला, आणि ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ हे मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, तुम्ही ते तपासलंय का? ते शांतपणे म्हणाले, "तपासलंच नाही, तर सापडतील कुठून?" शेवटी ‘आजवर दुष्परिणाम आढळलेले नाहीत’ यावर आमची तडजोड झाली. शब्दशः खरं वाक्य. त्या पत्रकावर हिरवं पान, हसरी आजी आणि ‘रसायनांपासून दूर’ अशी ओळ होती. तिथे भीती गोळीची आणि आशा बाटलीची. बाकी बांधणी तीच.

यात काही लाज वाटायची का, असं माझी भाची एकदा विचारत होती. खरं सांगते, नाही वाटायची. सुतार दोन शेजाऱ्यांना दोन पाट करून देतो, ते एकमेकांच्या डोक्यात घालतील का याचा तो विचार करत नाही. मी तेवढ्याच निवांतपणे काम करत होते, आणि पोशीरच्या आबांनी ते दोन्ही पाट एकदम माझ्यापुढे आणून ठेवले नसते तर पुढेही करत राहिले असते.

आबांचं कुटुंब पोशीरला भातशेती करतं. आमच्या घरी वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडूनच येतो, त्यामुळे ओळख जुनी. आबा सत्तरीचे, सडसडीत. गावात बांधावरून तंटा झाला की दोन्ही पक्ष त्यांना बोलावतात आणि आबांचा निवाडा ठरलेला असतो: दोघांचंही थोडं थोडं राहावं. कोर्टात गेलेल्या कितीतरी भानगडी त्यांनी ओट्यावर बसून मिटवल्या आहेत. त्यांचा मुलगा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो, सून वैशाली पहाटे उठून एका फार्महाउसच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. त्यामुळे नात ईश्वरीला उठवणं, खाऊ घालणं, शाळेच्या रिक्षात बसवणं हे आबांचं काम.

ईश्वरी तेव्हा चौथीत होती. बोलकी, तरतरीत, आणि एका ठिकाणी टिकेल तर शपथ. तांदळाच्या पोत्यांबरोबर ती माझ्याकडे यायची तेव्हा पाणी प्यायला म्हणून उठायची आणि गच्चीवर सापडायची. मागच्या पावसाळ्यानंतर प्रकरण वाढलं. शाळेत अर्धी बेरीज सोडून ती दुसऱ्या मुलींच्या बाकावर जायची. एकदा तर थांबायच्या आत रिक्षातून उडी मारून रस्त्यापलीकडे धावली आणि समोरून येणाऱ्या टेंपोनं कसाबसा ब्रेक मारला. मुख्याध्यापकांनी वैशालीला बोलावून सांगितलं, हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी तुम्ही दुसरी शाळा बघा, आमच्याच्यानं जबाबदारी घेववत नाही. जवळपास दुसरी बरी शाळा नव्हती. आठवड्यातून एकदा कर्जतला येणाऱ्या त्याच डॉक्टरबाईंकडे वैशाली मुलीला घेऊन गेली. बाईंनी दोन-तीन भेटी घेतल्या, शाळेकडून माहिती मागवली, वजन-नाडी तपासली आणि मग गोळी सुरू केली. वैशाली येताना टेबलावरची पुस्तिका घेऊन आली.

नवा तांदूळ झाल्यावर आबा आणि वैशाली दोघं माझ्याकडे आले ते तांदळाचं निमित्त करून. पोती ठेवली, चहा झाला, तरी उठेनात. मग आबांनी बंडीच्या खिशातून माझी पुस्तिका काढली आणि पिशवीतून ते हिरवं पत्रक. दोन्ही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ताई, तुमी औषधांचं लिवता. याच्यातलं खरं कंचं त्ये सांगा."

मी काही बोलायच्या आत वैशालीनं सगळं सांगून टाकलं. गोळी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. पोरगी सकाळी शाळेत जाऊन बसली की तिची छाती धडधडते, तोंड तापतं, उगाच रडू येतं. डबा तसाच घरी येतो. दुपार झाली की पुन्हा पहिल्यासारखी, उलट जास्तच. गोळीनं बरं व्हायचं सोडून पोर वाया चालली, असं तिचं म्हणणं. गोळी बंद करायची असं घरात ठरत आलं होतं, आणि गोळी नाही तर शाळा नाही, म्हणजे शाळाही बंद. ईश्वरीला तिच्या आत्याकडे धाडायचं, तिकडे गुरं आहेत, मोकळं रान आहे, असं बोलणं चाललं होतं. वैशाली हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. दहावीच्या वर्षी तिचीही शाळा सुटली होती, हे मला माहीत होतं.

खरं कुठलं ते सांगण्याआधी मला एक सांगणं भाग होतं. मी म्हटलं, आबा, हे दोन्ही मीच लिहिलंय.

आबांनी पुस्तिका बघितली, पत्रक बघितलं, मग मला बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते हसायलाच लागले.

"म्हंजे दोन्ही बाजूंचं वकीलपत्र तुमच्याकडंच," ते म्हणाले. "मंग तर बरंच हाय. तुमाला दोघांचं बी आतलं ठावं."

मी विचारलं, गोळी कशी देता? सकाळी, न्याहारीबरोबर, असं वैशाली म्हणाली. पण ती तर पहाटेच कामाला जाते. तेव्हा मी आबांकडे वळले. आबांनी अगदी मोकळ्या मनानं सांगितलं. सुरुवातीला सुनेचा कल गोळीकडे होता. त्यांचा स्वतःचा कल बाटलीकडे, कारण पत्रकात रसायन नाही असं छापलेलं. आता घरात रोज या गोष्टीवरून तोंडं कशाला वाजवायची? म्हणून त्यांनी आपल्या मनाशी निवाडा केला. अर्धी गोळी, अर्धा चमचा सिरप. गोळी ते विळीवर कापायचे, तिचा चुरा व्हायचा, तो सिरपमध्ये कालवून नातीला चाटवायचे. कुणाचंच मोडलं नाही, दोन्हीचा मान राहिला.

वैशाली हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती म्हणाली, "आबा, मला एकदा इचारायचं व्हतं."

आबांचा चेहरा उतरला. मला त्यांची कणव आली. इतकी वर्षं ज्या रीतीनं त्यांनी भांडणं मिटवली, त्याच रीतीनं ते नातीशी वागले होते. ती गोळी मात्र बांधासारखी नव्हती. गोळीच्या पोटातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशी रचना असते. ती कापली, कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. सकाळी छाती धडधडते ती म्हणून, आणि दुपारी काहीच उरत नाही तेही म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा आबांनी विचारलं की हे कुठं लिहिलंय? मी पुस्तिका उलटली. अगदी शेवटच्या पानावर, कंपनीच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात होतं: ‘गोळी तोडू, चावू किंवा कुटू नये.’ आबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुस्तिका लांब धरली, जवळ धरली.

"ह्ये पयल्या पानाव का नाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना आमची रीत सांगितली. पहिली पानं माणसाला तयार करायला असतात. तो तयार झाला की पुढचं डॉक्टर सांगतीलच, असं धरून सूचना मागे जातात. सगळेच तसं करतात. डॉक्टरबाईंनी वैशालीला गोळी अख्खी द्यायला सांगितलंही होतं, पण रोज गोळी देणारा माणूस त्या खोलीत नव्हता. सगळे करतात हे उत्तर माझं मलाच फार पोकळ वाटलं.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आज आता काही देऊ नका, उद्या माझा कर्जतचाच वार आहे, मुलीला घेऊन या म्हणाल्या. सिरप चालू आहे हेही त्यांना तेव्हाच कळलं. धोका टळल्यासारखा झाला, पण आबा उठले नाहीत. त्यांना निवाडा पुरा करायचा होता. "ताई, या दोन्हीतलं खपवायचं जेवढं हाय तेवढं बाजूला काढा. पोरीसाठी काय उरतंय त्ये मला वाचून दाखवा."

असं काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी पेन्सिल घेतली. आधी हिरवं पत्रक घेतलं. हुशार मुलं चंचल असतातच, खोडलं. आजीचा बटवा, खोडलं. दुष्परिणाम आढळलेले नाहीत, यावर मी त्या गृहस्थांचं उत्तर सांगितलं आणि तेही खोडलं. शेवटी ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवून घ्यावी’ एवढं उरलं. वैशाली पहिल्यांदा हसली.

पुस्तिकेला जास्त वेळ लागला. तिथे खोटं काही नव्हतं, फक्त भरपूर सजवलेलं होतं. भांगाचं चित्र गेलं. भीतीच्या पानातलं निम्मं गेलं. ‘अनेक’ आणि ‘काही’ यांच्या जागा मी त्यांना बोटानं दाखवल्या. पण पुष्कळ उरलंही. हा त्रास खरा आहे. तो आईच्या चुकीनं होत नाही. गोळीचा बऱ्याच मुलांना उपयोग होतो. तिनं भूक आणि झोप बिघडू शकते, म्हणून वजन, उंची, नाडी बघत राहावं लागतं. आणि आतल्या एका पानाच्या तळाला, राखाडी चौकटीत, जिच्याकडे लिहून झाल्यावर मीसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं, तिथे होतं, की गोळीइतकंच घरातलं आणि शाळेतलं वागणं महत्त्वाचं. एका वेळी एकच काम सांगा. बाई-गुरुजींना पुढच्या बाकावर बसवायची विनंती करा. मुलानं चांगलं काही केलं की लगेच, तिथल्या तिथे, बोलून दाखवा.

आबांनी ती चौकट पुन्हा वाचायला लावली. मग हिरवं पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं आणि पुस्तिका स्वतःच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर कर्जतला गेले. डॉक्टरबाईंनी ईश्वरीची नाडी बघितली, रक्तदाब बघितला, काही काळजीचं नाही म्हणाल्या. काही दिवस सगळं थांबवून मग कमी ताकदीची गोळी सुरू केली. अख्खी, पाण्याबरोबर, हे त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं. शाळेसाठी त्यांनी शिक्षिकेशी स्वतः फोनवर बोलणं केलं. शिक्षिका तरुण होत्या, त्यांनी मनावर घेतलं. ईश्वरीला पुढचा बाक मिळाला, लांबलचक गणितांचे तुकडे करून मिळाले आणि मधूनमधून फळा पुसायचं, कुंड्यांना पाणी घालायचं काम मिळालं, म्हणजे उठायची सोय झाली. घरी आबांनी तर शिस्तच लावून घेतली. पूर्वी ते एका दमात "दात घास, दप्तर भर, चपला घाल" म्हणायचे. आता एक झालं की पुढचं. खोपोलीच्या त्या गृहस्थांना मी नवं काम करणार नाही असं कळवलं. कंपनीच्या साहेबांना कळवलं की नव्या आवृत्तीत गोळी न तोडण्याची ओळ पहिल्या पानावर हवी. ते म्हणाले, पहिल्या पानावर ‘नये’ वाचून माणूस घाबरेल. मी म्हटलं, मग दुसरी लेखिका बघा. त्यांनी दुसरी बघितली.

उन्हाळा लागला तेव्हा मुख्याध्यापकांनी वैशालीला पुन्हा बोलावलं आणि ईश्वरीला पाचवीला इथेच ठेवू असं सांगितलं. वैशालीनं मला फोन केला तो कामावरूनच, मागे भांडी वाजत होती. मी त्या रविवारी पोशीरला गेले. घरात सगळे होते, ईश्वरीचा बापही. मुलीचं वजन जरा कमी झालं होतं, त्यावर डॉक्टरबाईंचं लक्ष होतं. पण ती माझ्याशेजारी ओसरीवर बसली आणि बसून राहिली. ते बघून मी म्हटलं, वा, गोळी चांगलीच लागू पडली की. बापानं मान डोलावली. शेजारची बाई डोकावली, तीही तेच म्हणाली. दप्तर आपणहून भरते, गोळीचा गुण. रस्त्यावर हात सोडत नाही, गोळीचा गुण. आम्ही सगळे फार खुशीत होतो. राखाडी चौकटीत सांगितलं होतं तसं चांगलं दिसलं की लगेच बोलून दाखवत होतो.

ईश्वरी कैरीची फोड मिठाला लावून खात होती. तिनं मला विचारलं, "आजी, बाई शाबास बोलतात ती कुणाला? मला का गोळीला?"

उत्तरं माझ्या ओठांवरच होती, तोच माझा धंदा. गोळी नुसती मदत करते बाळा, कष्ट तर तुझेच ना. मनात जुळवून बघितलं तर ते थेट तिसऱ्या पानावरचं वाक्य निघालं. मी ते गिळलं. म्हटलं, मला नाही सांगता येत. तुला काय वाटतं?

तिनं थोडा विचार केला. "शाबास गोळीला," ती म्हणाली. "आणि कधी बेंचवरनं उठले ना, तर वरडतात मला. गोळीला कोन वरडत नाय."

ती तक्रार करत नव्हती. जसं दिसत होतं तसं सांगत होती, आणि तसं सांगून तिनं उरलेली कैरी तोंडात टाकली. वैशालीच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. बाप खाली बघायला लागला. मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी आईशी बोलले, बापाशी बोलले, सासूची समजूत घातली. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या पोराशी बोलणारी एक ओळही मी कधी लिहिली नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती.

आबा खांबाला टेकून बसले होते. ते सरकत तिच्यापुढे आले, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "काल शाळेत काय काय केलंस गं? सांग मला. तुला इचारतोय, गोळीला नाय."

ईश्वरीनं आधी आईकडे बघितलं, मग आबांकडे. आणि सुरू झाली. कुंडीत निघालेली गोम, शेजारच्या बाकावरच्या मुलीचा नवा पट्टा, भागाकारात उरलेली बाकी, सगळं एकातून एकात, एकही गोष्ट पुरी नाही. मध्ये ती उठून उभी राहिली, गोम कशी चालत होती ते दाखवायला. कुणी तिला बस म्हटलं नाही. वैशालीनं ताट खाली ठेवलं आणि तीही ऐकायला बसली.